गुलछडीचं खोगीर

घोड्यावर बसायचं तर आधी खोगीर कुठलं घ्यायचं ते ठरलं पाहिजे, असं मी म्हणालो. यात माझं काय चुकलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पोहायला जाणारा माणूस आधी पंचा शोधतो, गाणं शिकणारा आधी तंबोरा बघतो. फरक इतकाच, की आमचं खोगीर ठरेपर्यंत अख्खा चातुर्मास उलटत आला आणि जिला घोड्यावर बसायचं होतं ती, म्हणजे आमची ही, बांधावर बसून राहिली.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. सुरुवात झाली ती खारबावला, एका लग्नात. विद्युल्लता, म्हणजे आमची ही, भिवंडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवायची. काळूराम पाटलाची मुलगी कमळ तिची विद्यार्थिनी, त्यामुळे तिच्या लग्नाचं आम्हाला आग्रहाचं आमंत्रण होतं. काळूराम म्हणजे भातशेती, मिठागर आणि हौस या तिन्ही बाबतींत मोठा माणूस. लग्नकार्यासाठी त्याने एक पांढरी घोडी पाळली होती. तिचं नाव गुलछडी. आसपासच्या गावांतला कुठलाही नवरदेव तिच्याच पाठीवरून मांडवात जायचा. त्या दिवशी नवरदेव उतरला, सगळे अक्षता घेऊन आत पळाले, आणि मंगलाष्टकं सुरू झाली तरी ही दिसेना. शोधत बाहेर आलो तर घोडीने हिच्या खांद्यावर मान टाकलेली आणि ही तिला तळहातावरून बुंदी भरवत होती.

घरी आल्यावर साडीची घडी घालता घालता म्हणाली, "अहो, मला घोड्यावर बसायला शिकायचंय."

"फोटोसाठी?"

"शिकायचंय म्हटलं. स्कूटरवर मी तुमच्या मागे, रिक्षात रिक्षावाल्याच्या मागे, एसटीत ड्रायव्हरच्या मागे. चव्वेचाळीस वर्षांची झाले. आता एकदा मला पुढे बसायचंय."

मी जुन्या विचारांचा माणूस नाही. सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे, पण विचार आधुनिक आहेत. मी लगेच होकार दिला. मनातून मात्र घाबरलो, हे सरळच सांगतो. हिच्या मानेचं दुखणं नुकतंच बरं झालं होतं, आणि घोडी मी जवळून पाहिली होती. ती बरीच उंच होती.

काळूरामला विचारलं तेव्हा तो आधी हसला, मग हिच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. "बाई, तुमी माज्या कमळला शिकवलंत, तुमाला न्हाय कसं म्हनू? आता चार म्हयने लग्नं न्हाईत, घोडी रिकामीच हाय. पन तुळशीचं लगीन लागलं का तिला सवड न्हाय. आन् यंदाचा सीजन झाला का ती माज्या मेव्हन्याकडं वाडा तालुक्याला कायमची जायाची, सबूद दिलाय. काय शिकायचं ते तवर शिका." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सायेब, तुमी हो म्हनलात तरच बसवनार. उद्या बाईंना काय झालं तर तुमी माजं नाव घेनार."

म्हणजे सगळी जबाबदारी माझ्यावर आली. जबाबदारी आली की हेडक्लार्क जे करतो ते मी केलं. मी अभिप्राय मागवले.

पहिला अभिप्राय वरच्या मजल्यावरच्या केसरीनाथ सुळ्यांचा. केसरीनाथ बँकेतून निवृत्त झाले होते आणि तरुणपणी मधुचंद्राला माथेरानला गेले असताना घोड्यावर बसले होते. आमच्या इमारतीत एवढा अनुभव दुसऱ्या कुणाकडे नव्हता. ते म्हणाले, "शरदराव, खोगिराला पुढे धरायला काहीतरी पाहिजे. बाकी सगळं थोतांड आहे. माथेरानला मी तेच धरून होतो." त्यावर सुळेवहिनी आतून म्हणाल्या की ते घोडेवाल्याचा खांदा धरून होते. तो अभिप्राय मी तात्पुरता बाजूला ठेवला.

दुसरा अभिप्राय गुरांच्या डॉक्टरांचा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपण फक्त म्हशी बघतो असं सांगितलं. बोलता बोलता मलाच विचारलं, की घोड्याला चिखल्या झाल्यावर काय देतात.

तिसरा अभिप्राय मात्र निर्णायक ठरला. तो माझ्या मेव्हण्याचा, अवधूतचा. तो पुण्याला राहतो, त्यामुळे त्याला प्रत्येक विषयातलं माहीत असतं. गणपतीला आला तेव्हा मोदक फोडता फोडता म्हणाला, "भाऊजी, ताईला शिकवायचंच असेल तर ड्रेसाजचं खोगीर घ्या. दुसऱ्या कशावर तिला बसवूच नका."

"ड्रेसाज म्हणजे?"

"घोड्याला पळवायचं नाही, उडवायचं नाही. ठेक्यात चालवायचं. एकेक पाऊल ठरवून. युरोपात त्याच्या स्पर्धा होतात. त्याचं खोगीर वेगळं असतं. बैठक खोल, दोन्ही बाजूंची पाखं लांब आणि सरळ. माणूस आपोआप ताठ बसतो. नवशिक्याची बैठक एकदा बिघडली की जन्मभर बिघडली."

हे मला पटलं. हिची मान, खोल बैठक, ताठ पाठ, आणि न पळणारी घोडी. या चारही गोष्टी एका वाक्यात येत होत्या. केसरीनाथांनी मात्र कडाडून विरोध केला. नवशिक्याला ड्रेसाजचं खोगीर म्हणजे बालवाडीतल्या पोराला वकिलाचा डगला, असं ते जिन्यात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. इमारतीत दोन तट पडले. पाणी भरताना बायकांच्यात, दाढी करताना पुरुषांच्यात एकच विषय: नवशिक्याला खास खोगीर हवं की नको? ज्यांनी आयुष्यात गाढवालाही हात लावला नव्हता ते खोगिराच्या पाखांवर बोलू लागले. एका गृहस्थाने तर मला थांबवून विचारलं, की घोडी कुणाची हे ठरलं का.

ह्या सगळ्यात विद्युल्लता काय करत होती? दर रविवारी खारबावला जात होती. मी स्कूटरवरून सोडायचो. ती गुलछडीला खरारा करायची, गूळ-चणे घालायची, आयाळीतल्या गाठी सोडवायची, तिच्याशी काहीबाही बोलत बांधावर बसायची. काळूराम मला विचारायचा, "मंग सायेब, बसवू?" मी म्हणायचो, "खोगिराचं ठरू दे." ही माझ्याकडे बघायची आणि पुन्हा खराऱ्याला लागायची. कधी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटायचं.

कपड्यांचा प्रश्न माईने एका वाक्यात निकालात काढला. माई म्हणजे माझी आई. बायका पँटवर बोलत होत्या, सुळेवहिनी सलवारीवर बोलत होत्या, तेव्हा माईने ट्रंक उघडून आपलं नऊवारी काढलं आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं. "कासोटा घालायचा आणि बसायचं. त्यात विचारण्यासारखं काय आहे?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शरू, तू कशाची वाट बघतोयस रे?" मी तिला ड्रेसाज समजावून सांगू लागलो. तिने ऐकता ऐकता जपाची माळ हातात घेतली.

शेवटी अवधूतने पुण्यातल्या एका निवृत्त मेजरसाहेबांकडून खरंखुरं विलायती खोगीर मिळवलं. मेजरसाहेबांनी ते कुणाच्या तरी पुतणीसाठी राखून ठेवलं होतं, ती लग्न होऊन अमेरिकेला गेली, वगैरे. खोगीर दिवाळीच्या फराळाबरोबर ट्रान्सपोर्टच्या ट्रकमध्ये चढलं आणि शहराच्या वेशीवर जकात नाक्याला अडकलं.

मी रजा टाकून नाक्यावर गेलो. सुताच्या बाचक्यांनी भरलेल्या ट्रकांची रांग लागली होती. टेबलापलीकडचे कारकून खोगिराकडे अशा नजरेने बघत होते की मला त्यांची दयाच आली. माणूस त्याच जातीचा, म्हणजे माझ्याच. ज्या वस्तूला सदर नाही ती वस्तू समोर आली की आमचं पेन कसं अडतं ते मला ठाऊक आहे.

"हे काय आहे?"

"खोगीर."

"सुताचा दर माहीत आहे, यार्नचा माहीत आहे, मशीनच्या पार्टचा माहीत आहे. खोगिराला दर नाही. घोडा कुठाय?"

"खारबावला."

"म्हणजे घोडा हद्दीबाहेर आणि खोगीर हद्दीत?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग हे आत कशाला आणताय?"

"आईला दाखवायला."

हे खरं होतं, पण नाक्यावर खरं बोललं की प्रकरण वाढतं. त्यांनी साहेबांना बोलावलं. चामड्याचा माल म्हणावा तर आत लोखंड आहे. वाहनाचा सुटा भाग म्हणावा तर वाहनाचा नंबर लागतो. रांगेतला एक ट्रकवाला खाली उतरून हे सगळं ऐकत होता. तो मला म्हणाला, "साब, घोड़े को इधर ले आओ। जीन चढ़ाओ, और ले जाओ। पहने हुए कपड़े पे कौन जकात लेता है?" रांगेतले सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते विचारात पडले. मग त्यांनी खोगिरावर तळवा दाबून पाहिला, आजूबाजूला नजर टाकली आणि हळूच विचारलं, "यावर माणूस बसतो ना?"

"हो."

"मग फर्निचर लिहा."

अशा रीतीने युरोपातल्या स्पर्धेचं खोगीर खुर्च्या आणि स्टुलांच्या सदरात भिवंडीत शिरलं.

घरी ते तांदळाच्या पिंपावर चढवलं. इमारतीतले सगळे येऊन बसून गेले. मी बसलो. अवधूत म्हणाला होता त्यात तथ्य होतं, पाठ आपोआप ताठ झाली, आणि समोर फक्त देव्हारा होता तरी मला उगाचच आपण कुठेतरी निघालो आहोत असं वाटलं. केसरीनाथ चढले, पण उतरताना त्यांचा पाय रिकिबीत अडकला आणि पिंप, खोगीर व केसरीनाथ हे तिघेही आडवे झाले. त्यानंतर त्यांचा विरोध अधिकच कडक झाला. विद्युल्लता मात्र एकदाही बसली नाही. मी आग्रह केला तर म्हणाली, "खाली घोडी असेल तेव्हा बसेन." आणि सांडलेले तांदूळ गोळा करू लागली.

तुळशीच्या लग्नाआधीचा शेवटचा रविवार आला. मी, ही, खोगीर आणि केसरीनाथ असे रिक्षाने खारबावला गेलो. केसरीनाथांना मी बोलावलं नव्हतं. आपलं म्हणणं खरं ठरताना हजर असावं म्हणून ते आपणहून आले. ही माईच्या नऊवारीत होती. दारातून निघताना माईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

काळूरामने खोगीर उचललं, उलटसुलट केलं, वास घेतला, आणि "माल बाकी झकास हाय" म्हणून गुलछडीच्या पाठीवर ठेवलं. ते पाठीवर बसेना. लग्नसराईतले पेढे, बुंदी आणि शेवया खाऊन गुलछडीचं अंग चांगलंच भरलं होतं, आणि हे खोगीर कुणा सडपातळ विलायती घोड्याच्या मापाचं. जाडजूड मुलीच्या डोक्यावर बाळाचं टोपडं ठेवावं तसं ते वरच राहिलं. पोटाखालून तंगाचा पट्टा आवळला. तंग पुरेना. काळूरामने दोरी जोडली. घोडीने श्वास सोडला आणि खोगीर सावकाश फिरत तिच्या पोटाखाली गेलं.

केसरीनाथांनी तोंड फिरवून बरोबर आणलेला फराळाचा डबा उघडला, हा त्यांचा मोठेपणा.

चार महिने मी बैठक पाहिली, पाखं पाहिली, माणसाची पाठ पाहिली. घोडीचीही पाठ असते, तिचंही माप घ्यावं लागतं, हे माझ्या किंवा अख्ख्या इमारतीच्या डोक्यात आलं नव्हतं. मी हिच्याकडे बघायचं टाळत म्हणालो, "भिवंडीत चामड्याचं काम करणारे आहेत. थोडं उसवून, रुंद करून घेतलं तर आठवड्याभरात—"

"अहो," ही बांधावरून उठली. "आठवड्याभरात लग्नं सुरू होतील. ती संपली की गुलछडी कायमची जाईल. मला दुसरी कुठलीही घोडी नकोय. मला हिच्यावर बसायचंय, आणि आज बसायचंय." तिचा आवाज चढला नव्हता, कापत होता. वीस वर्षांच्या संसारात मी तो आवाज फार थोड्या वेळा ऐकला होता. "तुम्ही हो म्हणा. नाहीतर नाही म्हणा. पण आता खोगीर म्हणू नका."

"पडलीस तर?" मी विचारलं.

"पडेन."

मी काळूरामला म्हणालो, "बसवा."

काळूरामने घरातून त्याचं नेहमीचं लग्नातलं खोगीर आणलं. मखमल विटलेली, जरीचे गोंडे लोंबकळतायत, मधोमध कुण्या नवरदेवाने सांडलेल्या गुलाबी सरबताचा डाग. ते गुलछडीच्या पाठीवर आपोआप जागेवर बसलं. हिने कासोटा सावरला, काळूरामच्या ओंजळीत पाय ठेवला आणि वर गेली. लगाम हातात घेतले. टाच लावली.

घोडी हलली नाही. ही "चल" म्हणाली, "चल गं राणी" म्हणाली. घोडी कान हलवत उभी.

"ती बाज्याबिगर न्हाय चालायची," काळूराम ओशाळून म्हणाला. "दहा सालं झाली. पाठीवर मानूस बसलं म्हंजे वरात. वरात म्हंजे बेंड. बेंड वाजला का पाऊल उचलनार."

"मग आता?"

काळूराम माझ्याकडे बघू लागला. केसरीनाथ माझ्याकडे बघू लागले. घोडीवरून ही बघत होती, आणि मला शपथेवर सांगता येईल की घोडीही बघत होती.

मी हेडक्लार्क आहे. माझ्या हाताखाली माणसं आहेत. मी घोडीच्या पुढे जाऊन उभा राहिलो, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि तोंडाने बँड वाजवायला सुरुवात केली. पँ पँ पॅपॅ पँ. केसरीनाथांनी फराळाचा डबा उलटा करून त्यावर ठेका धरला, आणि त्या ठेक्यावर गुलछडीने मान उंचावली, पुढचा पाय वाकवून उचलला, टेकवला, दुसरा उचलला. अवधूतने जे सांगितलं होतं तेच. एकेक पाऊल, ठेक्यात.

दहा पावलांवर घोडी थांबली.

"आता नाचायचं असतंय," काळूराम म्हणाला. "वऱ्हाडी नाचल्याबिगर ती फुडं न्हाय येत."

नाचलो. रविवार सकाळ, खारबावचा रस्ता, अंगात इस्त्रीचा बुशशर्ट. पँ पँ करत नाचलो. समोरून सायकल हातात धरून आमच्या कचेरीतला शिपाई महादू येत होता. तो दिघाशी गावचा, तिथे काय करत होता देव जाणे. "सायेब?" तो म्हणाला. मला उत्तर देता येत नव्हतं, तोंडात बँड होता. त्याने घोडीवर कोण आहे ते पाहिलं, सायकल कुंपणाला टेकवली आणि रुमाल दातात धरून माझ्याशेजारी नाचू लागला. सोमवारी कचेरीत त्याने यातलं अक्षर काढलं नाही, हे इथे नमूद करतो.

असे थांबत, नाचत काळूरामच्या दारापर्यंत आलो. तिथे घोडी थांबली ती थांबलीच. दारात नवरदेव आला की ओवाळतात, घोडीच्या पायावर पाणी घालतात, हे तिला पक्कं माहीत. काळूरामची आई हौसाबाई बाहेर आली. मी घाईघाईने समजावू लागलो, की ही वरात नाही, हे शिक्षण आहे.

"चूप ऱ्हा रं," हौसाबाई म्हणाली. "घोडीवर बसून दारात आलेल्या मानसाला आमी कोरडं धाडत न्हाय."

ती आत जाऊन ताट आणि तांब्या घेऊन आली. घोडीच्या चारी पायांवर पाणी घातलं. मग मान वर करून हिला ओवाळलं. ओवाळताना तिचा हात मधेच थांबला.

"या दारात म्या किती नवरं ववाळलं असतील पोरी," ती म्हणाली. "वर बाईचं तोंड आज बगतंय." आणि मग अगदी हळू, आम्हाला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "वरून कसं दिसतंय गं?"

"लांबपर्यंत दिसतंय, आजी," ही म्हणाली. "खाडी दिसतेय."

हौसाबाईने डोळ्यांना पदर लावला. मीही चष्मा पुसला. केसरीनाथ डबा वाजवायचे थांबले होते.

आणि इथेच घोटाळा झाला. ओवाळणं झालं की नवरदेव उतरतो आणि गुलछडीची ड्युटी संपते. मग ती आपली आपण खाडीच्या बांधाकडे चरायला जाते. त्या दिवशीही ड्युटी संपली, घोडी वळली आणि निघाली. फक्त पाठीवरचं माणूस उतरलेलं नव्हतं. आता बँड नव्हता, ठेका नव्हता. घोडी दुडक्या चालीने बांधाला लागली आणि ही तिच्याबरोबर लहान होत गेली.

मी धावलो. कसा धावलो ते विचारू नका, चप्पल एक तिकडेच राहिली. मला फक्त हिची मान दिसत होती, आणि ती जमिनीवर आपटलेली दिसत होती. ही ओरडेल म्हणून मी कान देऊन धावत होतो. ती ओरडली नाही. बांधाच्या टोकाला, जिथे पलीकडे नुसतं पाणी, तिथे मला दिसलं की तिने लगाम एका बाजूला ओढले. घोडी थबकली. मान झटकली. ही पुढे वाकून तिच्या मानेशी काहीतरी बोलली. मग घोडी वळली. काळूरामने नाही, बँडने नाही, हिने वळवली.

त्या दोघी परत येऊ लागल्या, आणि आधीपेक्षा वेगात. मी बांधाच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिलो. घोडीला अडवायचं, हिला उतरवून घ्यायचं, घरी न्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात. जवळ आल्यावर तिचा चेहरा दिसला. केस सुटलेले, कुंकू घामाने पसरलेलं, आणि ती हसत होती. माझ्याकडे बघून नाही, तशीच, स्वतःशी. इतकी सुंदर ती मला लग्नातही दिसली नव्हती.

"अहो," ती वरून ओरडली, "बाजूला व्हा!"

मी बाजूला झालो.